मुसाने खाल्लं की मुसाला खाल्लं? मान्दे भाषांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पश्चिम आफ्रिकेतल्या लिप्यांवरचा लेख आला आणि मान्दे भाषांबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. बांबारा (मालीत बोलली जाणारी मान्दे भाषा) शब्द देवनागरीत लिहिताना उघड्या 'ए'साठी ॲ (बॅ, तॅ) आणि उघड्या 'ओ'साठी ऑ वापरला आहे. त आणि द मराठीसारखेच दंत्य समजावेत.

प्रश्न : मान्दे ही एक भाषा आहे की अनेक? स्वाहिलीशी तिचं नातं आहे असं वाचलं, ते खरं का? (एक वाचक, सांगली)

अनेक. साधारण साठ-सत्तर. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते याची रेघ ज्याने-त्याने वेगळी मारल्यामुळे आकडा हलतो. माली, गिनी, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन, लायबेरिया हा मुख्य पट्टा. पूर्वेला बुसा आणि बोको पार बेनिन-नायजेरियात. बांबारा, मानिंका, ज्युला आणि मान्दिंका या एकमेकींच्या अगदी जवळच्या, त्यांच्या गटाला मान्दिंग म्हणतात. सोनिंके, सुसू, मेंडे, क्पेले, वाइ, दान या त्याच कुटुंबातल्या, पण बांबारा बोलणाऱ्याला दान कळत नाही.

स्वाहिलीचं म्हणाल तर भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली मान्दे कुटुंब नायजर-काँगो या प्रचंड समूहात टाकलं आणि स्वाहिलीही त्यातच येते. पण स्वाहिलीची ओळख म्हणजे नामवर्ग : एक माणूस 'म्तु', अनेक माणसं 'वातु', आणि त्या उपसर्गाप्रमाणे बाकीचं वाक्य बदलतं. मान्दे भाषांत याचा मागमूस नाही. म्हणून गेरिट डिमेंडाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे कुटुंब स्वतंत्र मानावं असं सुचवलं आहे. पाठ्यपुस्तकातलं झाड पाहून नातं पक्कं झालं असं समजू नका.

प्रश्न : बांबारात कर्ता-कर्म-क्रियापद असा क्रम असतो, म्हणजे मराठीसारखीच रचना ना? मी एम.ए.च्या प्रकल्पासाठी वाक्यांचं पदशः विश्लेषण करते आहे आणि सारखी अडते आहे. (विद्यार्थिनी, पुणे)

अडण्याचं कारण 'मराठीसारखीच' या गृहीतकात आहे. ही चार वाक्यं शेजारी ठेवून पाहा :

मुसा ये मोबिली सान. (मुसाने गाडी घेतली.)
मुसा मा मोबिली सान. (मुसाने गाडी घेतली नाही.)
मुसा बॅ मोबिली सान. (मुसा गाडी घेतो.)
मुसा तॅ मोबिली सान. (मुसा गाडी घेत नाही.)

क्रियापद 'सान' चारही ठिकाणी तसंच राहिलं. काळ, पूर्णता, होकार-नकार हे सगळं कर्त्यानंतरच्या छोट्या शब्दात आहे. त्याला विधेय-चिन्ह म्हणू. मराठी माणूस या 'ये'ला हमखास 'ने' समजतो, कारण 'मुसा ये' आणि 'मुसाने' कानाला सारखे लागतात. तो विभक्तिप्रत्यय नाही. तसं असतं तर नकारात 'ये' जाऊन 'मा' आलाच नसता.

दुसरा फरक जागेचा. विधेय-चिन्ह आणि क्रियापद यांच्या मध्ये फक्त कर्म बसतं. बाकी सगळं क्रियापदानंतर, शब्दयोगी अव्ययासह. 'मुसाने फांताला पैसे दिले' हे 'मुसा ये वारी दी फांता मा' असं होतं : मुसा, चिन्ह, पैसे, दे, फांता, ला. कालवाचक शब्दाला मात्र वाक्याच्या आरंभीही जागा मिळते. (शेवटचा 'मा' आणि नकाराचा 'मा' वेगळे आहेत. विश्लेषणात दोन्हीखाली एकच खूण घातली की तक्ता कोसळतो.)

अकर्मक क्रियापदाचं पूर्ण रूप वेगळं होतं. तिथे 'ये' येत नाही, क्रियापदाला 'रा' लागतो : मुसा तारा, म्हणजे मुसा गेला. शेवटच्या अवयवात (सिलेबल) ल किंवा र असेल तर 'ला' लागतो (बोली, बोलिला : पळाला) आणि अनुनासिक असेल तर 'ना' (ना, नाना : आला). नकारात हा फरक पुसला जातो. सकर्मक असो की अकर्मक, 'मा'च. त्यामुळे एखादं क्रियापद सकर्मक आहे का हे तपासायचं असेल तर भाषकाकडून पूर्णकाळाचं होकारार्थी वाक्य घ्या. नुसती नकारार्थी वाक्यं गोळा केलीत तर ही माहिती तुमच्या वहीत येणारच नाही.

आता खरी गंमत. हाच 'रा/ला/ना' सकर्मक क्रियापदाला लावला की कर्मणी अर्थ निघतो, क्रियापदात आणखी काही बदल न करता. 'मोबिली सानना' म्हणजे गाडी घेतली गेली. याचा परिणाम असा की बांबारात कर्म गाळता येत नाही. आपण 'मुसाने खाल्लं' म्हणतो आणि काय ते सांगत नाही. बांबारात 'दुन' (खाणे) घेऊन तसं करायला गेलात तर 'मुसा दुनना' होईल, आणि त्याचा अर्थ मुसाला कोणीतरी खाल्लं. बरोबर वाक्य 'मुसा ये दुमुनी कॅ', म्हणजे मुसाने खाणं केलं. तुमच्या वाक्यसंग्रहात कर्म नसलेलं सकर्मक क्रियापद दिसलं की आधी कर्मणी अर्थ लागतो का ते पाहा. डेनी क्रेसेल्स यांनी या गुणधर्मावर भरपूर लिहिलं आहे.

एका बाबतीत मात्र मराठी उपयोगी पडते. 'मुसा ये मोबिली मिन सान, ओ का न्यी' : मुसाने जी गाडी घेतली ती चांगली आहे. 'मिन' आणि 'ओ' ही आपल्या जो-तोची जोडी आहे. फक्त 'मिन' नामानंतर येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही रचना समजावायला पानं खर्ची पडतात, तुम्हाला एका ओळीत कळेल.

प्रश्न : सुरांवर (टोन) अर्थ बदलतो म्हणतात, पण मालीतल्या वर्तमानपत्रात सूर लिहिलेलेच दिसत नाहीत. मग ते महत्त्वाचे नाहीत का? आणि शब्दाचा सूर ओळखायचा कसा? (भाषाविज्ञानाचे प्राध्यापक, नागपूर)

महत्त्वाचे आहेत. बांबारात दोन पातळ्या आहेत, उच्च आणि नीच. 'सो' उच्च सुरात घर, नीच सुरात घोडा. वाचणाऱ्याला संदर्भावरून घर की घोडा हे कळतं, म्हणून रोजच्या लेखनात खुणा करत नाहीत. शब्दकोश आणि व्याकरणं करतात. आमच्या मते शब्दाशब्दातल्या भेदापेक्षा व्याकरणातला सूर अधिक अडचणीचा आहे, कारण तो संदर्भावरून नेहमी सुटत नाही. बांबारात निश्चितता दाखवणारा एक 'तरंगता' नीच सूर आहे. त्याला स्वतःचा स्वर नाही, व्यंजन नाही. 'मुसो तॅ यान' हे वाक्य त्या सुरासह म्हटलं तर 'ती बाई इथे नाही', त्याविना म्हटलं तर 'इथे कोणी बाई नाही'. छापलेल्या ओळीत दोन्ही हुबेहूब सारखी.

सूर ओळखताना बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. 'घराला काय म्हणता?' असं विचारलं की भाषक शब्द सुटा म्हणतो, आणि सुट्या नामासोबत हा तरंगता सूरही येतो. उच्च शब्द मग शेवटी घसरल्यासारखा ऐकू येतो आणि वहीत 'उतरता सूर' अशी तिसरीच पातळी जन्माला येते. म्हणून सुटा शब्द पुरावा धरू नका. शब्द निदान चार चौकटींत ऐका : वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून, नकारार्थी वाक्यात कर्म म्हणून, पुढे उच्च सुराचा शब्द आणि मग नीच सुराचा शब्द ठेवून, आणि समासाचं पहिलं पद म्हणून. समासाची चौकट सर्वांत खात्रीची. बांबारात समासाचा सूर पहिल्या पदावरून ठरतो आणि दुसरं पद आपला मूळ सूर सोडून देतं. शब्द जोडून लिहायचा की तोडून, हा शुद्धलेखनाचा वादही पुष्कळदा याच कसोटीवर सोडवतात : सूर एक झाला असेल तर शब्द एक.

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. दाबून लहान केलेली फाइल किंवा फोनवरचा व्हॉइस मेसेज नको. प्रत्येक वाक्य तीनदा म्हणवून घ्या आणि मधलं वापरा. यादी वाचताना शेवटची ओळ आपोआप खाली उतरते, म्हणून क्रम बदलून पुन्हा वाचवून घ्या. 'प्रात' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाहताना आवाजाच्या उंचीचा (पिच) पट्टा पुरुषासाठी ७५ ते ३००, स्त्रीसाठी १०० ते ५०० हर्ट्‌झ ठेवून सुरुवात करा. पट्टा चुकला तर रेघ अचानक दुप्पट वर किंवा निम्म्यावर उडी मारते. ती उडी म्हणजे सूर नव्हे. आणि आकडे निरपेक्ष वाचू नका. वाक्य पुढे सरकतं तसा आवाज एकूणच उतरत जातो, त्यामुळे शेवटचा उच्च सूर सुरुवातीच्या नीच सुराहून खाली असू शकतो. तुलना शेजारच्या अवयवाशी करायची.

बांबाराच्या दोन पातळ्यांवरून सगळ्या कुटुंबाचा अंदाज बांधू नये. आयव्हरी कोस्टमधल्या पूर्व दान भाषेत पाच पातळ्या आहेत आणि तिथे खुणांशिवाय वाचन अवघड होतं. तिथल्या जुन्या लेखनपद्धतीत सुरांसाठी शब्दाच्या मागेपुढे टाइपरायटरवरचीच चिन्हं घेतली : अपॉस्ट्रॉफी, अवतरणचिन्ह, आडवी रेघ. टाइपरायटरच्या काळात कल्पना उत्तम होती. संगणक आला आणि वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करू लागला, आडव्या रेघेपाशी ओळ तोडू लागला. सूर शब्दापासून सुटून आधीच्या ओळीत जाऊन बसायचा.

प्रश्न : मी बांबारा मजकूर संगणकीय प्रक्रियेसाठी साफ करतो आहे. एकच शब्द तीन-तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. काय करावं? (सॉफ्टवेअर अभियंता, बंगळुरू)

आधी मजकूर कोणत्या काळातला ते पाहा. मालीत १९६७ च्या अधिकृत वर्णमालेत उघडे स्वर डावीकडे झुकलेली मात्रा देऊन लिहीत (è, ò अशी लॅटिन अक्षरं) आणि 'न्य'साठी एन-वाय ही जोडी होती. १९८२ च्या सुधारणेनंतर त्या जागी उलट्या तीनसारखं ɛ, उलट्या सीसारखं ɔ आणि शेपटीचा एन (ɲ) आला. १९७२ पासून निघणाऱ्या 'किबारू' या बांबारा वर्तमानपत्राचे अंक घेतलेत तर दोन्ही पद्धती मिळतील.

आता सापळा. अभ्यासकांच्या सूर लावलेल्या मजकुरात è म्हणजे मिटलेला 'ए', नीच सुरात. जुन्या मजकुरात तेच चिन्ह म्हणजे उघडा 'ॲ', सुराचा काही संबंध नाही. सगळ्या फाइलींवर एकच 'शोधा आणि बदला' चालवलंत तर अर्धा संग्रह बिघडेल, आणि उलट, 'सुराच्या खुणा काढून टाका' असा फिल्टर आधी चालवलात तर जुन्या मजकुरातले स्वरच बदलतील. म्हणून फाइलींचे दोन ढीग करा, जुन्या ढिगात अक्षरं बदला, आणि मगच दोन्हींवर युनिकोडचं सामान्यीकरण (नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर सगळीकडे एकाच रीतीने साठवणं) लावा. साध्या 'ए'वर नीच सुराची खूण असलेलं जोडअक्षर युनिकोडमध्ये एका क्रमांकाने मिळतं, पण उघड्या ɛ वरची खूण स्वतंत्र क्रमांकानेच लावावी लागते. सामान्यीकरण न करता अक्षरं मोजलीत तर लांबी चुकते.

ɛ चा क्रमांक ०२५बी आहे. पुष्कळ जण कीबोर्डवर सापडलं म्हणून ग्रीक एप्सिलॉन (०३बी५) टाकतात. डोळ्याला फरक दिसत नाही, शोध मात्र रिकामा येतो. युनिकोडपूर्व खास फाँटात टंकलेल्या फाइलींचा प्रकार तर आपल्याकडच्या जुन्या मराठी फाँटांसारखाच : फाँट काढला की कचरा उरतो. त्यासाठी त्या-त्या फाँटचा रूपांतर-तक्ता हाताने बनवावा लागतो.

अपॉस्ट्रॉफीकडेही लक्ष द्या. पुढे स्वर आला की 'ये आ'चं 'य'आ' होतं, 'बॅ आ'चं 'ब'आ'. एकटा 'क'' मात्र 'का' (संबंधदर्शक), 'का' (विध्यर्थ), 'का' (भाववाचक), 'को' (म्हणणे) किंवा 'कॅ' (करणे) यांपैकी काहीही असू शकतो. यंत्राने यातला एक ठरवून टाकू नये. सगळे पर्याय ठेवावेत आणि माणसाने निवड करावी. वालेंतिन विद्रिन आणि सहकाऱ्यांचा बांबारा संदर्भ-संग्रह याच रीतीने तयार होतो, आणि त्यासाठी किरिल मास्लिंस्की यांनी लिहिलेलं 'दाबा' हे साधन खुलं आहे. नवं लिहायच्या आधी ते पाहा.

प्रश्न : एका ग्राहकासाठी न्'को लिपीत पत्रक मांडायचं आहे. मला लिपी येत नाही. काय सांभाळावं? (मुद्रणकार, मुंबई)

न्'को ही मान्दिंग भाषांसाठीची लिपी सोलोमाना कांते यांनी १९४९ साली आयव्हरी कोस्टमध्ये तयार केली. आफ्रिकी भाषा लिहिता येण्याजोग्या नाहीत असं एका लेबनीज पत्रकाराचं लेखन वाचून ते पेटले. आधी अरबी, मग लॅटिन लिपी चालवून पाहिली आणि समाधान होईना म्हणून स्वतःची घडवली. सात स्वर, एकोणीस व्यंजनं, एक अनुनासिक. लिखाण उजवीकडून डावीकडे, अक्षरं एकमेकांना जोडलेली. सुराच्या खुणा अक्षरावर येतात, अनुनासिकाचा ठिपका खाली. म्हणून ओळींतलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे ठिपके खालच्या ओळीच्या खुणांत मिसळतात.

मजकूर साध्या टेक्स्ट किंवा वर्ड फाइलमध्ये मागा, पीडीएफमधून उचलू नका. उचलताना क्रम उलटण्याचा धोका असतो. नोटो सान्स एन्को किंवा विंडोजमधला एब्रिमा हा फाँट चालेल. इनडिझाइन वापरत असाल तर देवनागरीसाठी लावता तो वर्ल्ड-रेडी कंपोझरच लावा आणि परिच्छेदाची दिशा उजवीकडून करा. अक्षरं सुटी-सुटी दिसली तर जोडणी होत नाही असं समजा. फाइल छपाईला देऊ नका.

सर्वांत जास्त चुका आकड्यांत होतात. अरबीत शब्द उजवीकडून पण आकडे डावीकडून वाचतात. न्'कोचे स्वतःचे अंक मात्र अक्षरांसारखेच उजवीकडून वाचतात : १९४९ मधला १ सर्वांत उजवीकडे. युनिकोड हे आपोआप सांभाळतं. 'उलटं दिसतंय' म्हणून हाताने फिरवू नका. आणि काही ठिकाणी स्वर गळालेला वाटला तर तो टंकनदोष समजून भरू नका. लागोपाठच्या दोन अवयवांत स्वर आणि सूर तोच असेल तर पहिला स्वर न लिहिण्याचा नियम या लिपीत आहे.

प्रश्न : वाइ लिपी शाळेविना शिकतात हे खरं का? (निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

खरं. लायबेरियात मोमोलू दुवालू बुकेले यांनी १८३० च्या दशकात ती घडवली. दोनशेहून अधिक चिन्हांची ती अवयवलिपी आहे, डावीकडून उजवीकडे लिहितात. नातेवाईक किंवा मित्र शिकवतो. पत्रं आणि हिशेब हा तिचा मुख्य उपयोग. १९७० च्या दशकात सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांना इथे दुर्मीळ संधी मिळाली : शाळेत इंग्रजी, मदरशात अरबी, घरी वाइ, अशा तीन साक्षरता एकाच समाजात. शाळा न पाहिलेले पण वाइ वाचणारे लोक अवयव जोडून शब्द ओळखण्यासारख्या कामांत पुढे होते. तर्काच्या कोड्यांत मात्र त्यांना तसा सर्वसाधारण फायदा दिसला नाही; तो शालेय शिक्षणाशी जोडलेला निघाला. 'अक्षर आलं की बुद्धी बदलते' हे विधान त्यानंतर कोणी सहज करत नाही.

प्रश्न : कच्च्या काजूच्या खरेदीसाठी आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात जावं लागतं. बांबाराचं पुस्तक मिळालं आहे. त्यावर ज्युला निभेल का? (काजू कारखानदार, सिंधुदुर्ग)

बऱ्यापैकी निभेल, पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा.

पहिली पैशाची. ज्युला आणि बांबारा दोन्हींत पैसे पाच फ्रँकच्या एककात मोजतात. बांबारात त्याला दॉरॉमॅ म्हणतात. 'मुगान' म्हणजे वीस, पण किंमत सांगताना शंभर फ्रँक. 'कॅमॅ' म्हणजे शंभर, किंमत पाचशे फ्रँक. 'कॅमॅ नी मुगान' असा भाव सांगितला तर तो सहाशे. पोती आणि किलो मात्र सरळ मोजतात, त्यांना पाचाने गुणू नका. समोरचा मधेच फ्रेंच आकड्यावर गेला तर तो आकडाही सरळ फ्रँकचा. एकाच वाक्यात दोन्ही मोजण्या येतात, तेव्हा भाव कागदावर फ्रँकमध्ये लिहून दाखवा. (जुन्या हिशेबात तर कॅमॅही एक नव्हता : 'बांबाराचा कॅमॅ' ऐंशीचा, 'मानिंकाचा' साठचा.)

दुसरी व्याकरणाची. झालेल्या गोष्टीसाठी बांबारात 'ये' येतो, तिथे आयव्हरी कोस्टच्या ज्युलात 'का' येतो. बांबारात हाच 'का' विध्यर्थाचा आहे. 'आ का वारी दी' हे वाक्य बामाकोच्या (मालीची राजधानी) पुस्तकाप्रमाणे 'त्याने पैसे द्यावेत' असं वाचाल, तर ज्युला बोलणारा 'त्याने पैसे दिले' असं सांगत असेल. शंका आली तर तेच वाक्य नकारात विचारा. दिले नाहीत यासाठी दोन्हीकडे 'मा'च येतो : 'आ मा वारी दी'. बांबारातलं 'देऊ नयेत' हे 'काना' लावून होतं, त्यामुळे उत्तरात 'मा' आला की बोलणं झालेल्या व्यवहाराबद्दल चाललं आहे असं धरा.